खाडीपलीकडचं देऊळ

आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणत. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, तिकडे सगळेच म्हणतात. पण शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या दोन खोल्यांत वाढताना मला या शब्दाची चोरी वाटायची. शाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत असले आणि आतून आई ओरडली, "ब्रिजे, देवळात जायचंय ना गं, केस विंचर," की मी रिसीव्हरवर हात दाबून धरायची. मैत्रीण मल्याळी, तिला मराठीतलं काडीचं कळत नव्हतं, तरीसुद्धा. घरात मी इंग्रजीतच उत्तरं द्यायची. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत सांगायची आणि पप्पा मधे बसून दोघींकडे आळीपाळीने बघत हसायचे. त्यांना माझ्या इंग्रजीचा अभिमान होता. पुढे जे बिघडलं त्याची सुरुवात त्या अभिमानापासून झाली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण हे म्हणणं म्हणजे पुन्हा त्यांच्यावरच ढकलणं झालं. तेव्हा ते राहू दे.

खाली एका सिंध्याचं कापडाचं दुकान होतं. सकाळी त्याचं शटर वर जायचं तो आवाज आणि मशिदीची बांग यांच्यामध्ये आमचं घर जागं व्हायचं. खिडकीतला एसी रात्रभर कण्हत असायचा आणि त्याचं पाणी खालच्या पाटीवर टपटपत राहायचं. दाराशी पप्पांचे बूट, त्यांना नेहमी पांढरा खारा चिखल लागलेला; तो वाळला की पापडासारखा सुटून पडायचा आणि आई तो केरसुणीने गोळा करत पुटपुटायची, "अर्धं वाळवंट माझ्या घरात." ती मासळीबाजारात पापलेटवाल्याशी हिंदीत भांडायची आणि घरी येऊन मराठीत हळहळायची, "वीस दिरहॅम! म्हणजे एकशे सत्तर रुपये झाले. आपल्याकडे एवढ्यात आख्खी टोपली आली असती." मग त्याच पापलेटला वसईहून आलेल्या बाटलीतला मसाला चोळून ती असं कालवण करायची, की जिन्यात वास दोन मजले खाली जायचा. त्या वासाचीही मला चोरीच वाटायची. मी शाळेचा युनिफॉर्म गॅलरीत, दार बंद करून टांगायची.

पप्पांचं नाव बावतीस. आधी दुसऱ्याचा डोझर चालवायचे, मग रत्नागिरीकडच्या इब्राहीमकाकांबरोबर भागीदारीत स्वतःची मशिनं घेतली आणि जमीन सपाट करायची, चर खणायची सब-कॉन्ट्रॅक्टची कामं घ्यायला लागले. त्यांची माणसं सोनापूरच्या कॅम्पात राहायची. "मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवट, तिथे माणसं मेलेली असतात, इथे नुसती दमलेली," असं काका म्हणायचे आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. पप्पांची इंग्रजी साइटपुरती होती: गो, स्टॉप, टुमारो फिनिश. त्यापलीकडे काही असलं की ते मला न्यायचे. मी आठवीत असल्यापासून त्यांच्या पिकअपमध्ये बसून कंपन्यांच्या ऑफिसांत जायची, साहेबांचं बोलणं मराठीत सांगायची, त्यांचं इंग्रजीत. "ही माझी जीभ," ते लोकांना सांगायचे. साहेब लोक मला पेप्सी द्यायचे. मी फार हुशार समजायची स्वतःला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मला एक भाऊ होता, इनास. मी अकरा वर्षांची असताना झाला आणि पहिला वाढदिवस यायच्या आत तापाने गेला. त्याला इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवला. आईला त्याच्या जाण्याइतकंच त्याचं तिथे असणं सलायचं. आमच्या गावी देवळाच्या अंगणातच कबरी आणि प्रत्येक घराची ठरलेली जागा. घरात कुणी गेलं की तीच कबर उघडतात, आधीच्या माणसाची हाडं निघतात ती पांढऱ्या कापडात बांधतात आणि नव्या माणसाच्या पायाशी ठेवतात. म्हणजे आजोबांच्या पायाशी पणजोबा, त्यांच्याबरोबर त्यांचा भाऊ, असं. मातीखाली आपलं घर भरलेलं असतं. "आणि माझं पोर?" आई म्हणायची. "एका बाजूला फिलिपिनो नर्स, दुसऱ्या बाजूला कोण तो केरळचा ड्रायव्हर. त्याची भाषा तरी कळत असेल का कुणाला?" पप्पा म्हणायचे, "फिलू, तो कुठे बोलायला लागला होता?" असं म्हणून ते स्वतःच उठून बाहेर जायचे.

मी सोळा वर्षांची होते त्या हिवाळ्यात पप्पांना उत्तरेकडच्या एका खाडीपलीकडे जमीन साफ करायचं काम मिळालं. जागेचं नाव लिहीत नाही. आज ज्यांची घरं तिथे आहेत त्यांचा यात दोष नाही. खाडीत खारफुटी, पलीकडे शिंपल्यांनी भरलेली बुटकी टेकाडं आणि त्यापुढे समुद्र. तिथे रस्ता आणि बंगले व्हायचे होते. एका गुरुवारी पप्पा दुपारीच घरी आले. हातपाय धुतले नाहीत, तसेच खुर्चीत बसले आणि आईला म्हणाले, "फिलू, तिकडे देऊळ आहे."

"कुठलं देऊळ?"

"आपलं. देऊळ. टेकाडाखाली. डोझरचं पातं चुन्याला लागलं तशी मशीन थांबवलं मी."

"तुम्हाला ऊन लागलंय," आई म्हणाली आणि सरबत करायला उठली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तिथे सुट्टी त्या दिवशी, म्हणून आमची मिस्सा, देवळातली सामूहिक प्रार्थना, शुक्रवारीच असायची. तिथून परस्पर पप्पांनी आम्हाला पिकअपमध्ये घातलं. आईने तळलेले बांगडे आणि पाव डब्यात घेतले होते, सहलीला निघाल्यासारखे. तिथे इब्राहीमकाका एकटेच थांबले होते. वाळू बाजूला केलेली आणि तिच्यातून गुडघ्याएवढ्या भिंती वर आलेल्या. समुद्रातल्या सच्छिद्र दगडांच्या, वर चुन्याचा गिलावा, कुठे कुठे इतका गुळगुळीत की काल केल्यासारखा. एक लांबट दालन, तोंड उगवतीकडे. त्या टोकाला एक पायरीभर उंच चौथरा. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या देवळांत पप्पांचं लहानपण गेलं होतं, गुरं चारायला जायचे ते तिथे. ही वेदीची जागा, हे त्यांना चौथरा बघूनच कळलं होतं. आणि चौथऱ्यापाशी पालथा पडलेला गिलाव्याचा एक तुकडा, परातीएवढा. पप्पांनी तो उलटा केला. त्यावर क्रूस होता, टोकांकडे रुंदावत गेलेल्या हातांचा. घडवणाऱ्याचं बोट एका ठिकाणी ओल्या चुन्यात रुतलं होतं, तो खळगासुद्धा तसाच.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते दार. पश्चिमेकडे दाराची जागा होती आणि ती दगड रचून बंद केलेली होती. पडझड नव्हे, नीट एकावर एक, फटींत चिखल भरून. पप्पा खूप वेळ त्यासमोर उकिडवे बसले. "लुटलं नाही कुणी," ते म्हणाले. "जाळलं नाही. लावून गेलेत. परत यायचं होतं त्यांना." कोण होते ते? मला नंतर थोडंफार कळलं. या किनाऱ्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी, कदाचित त्याहून आधीही, ख्रिस्ती वस्त्या होत्या. मोती काढणारे, मासे धरणारे, खजूर लावणारे लोक. त्यांची देवळं होती, धर्मगुरू होते. मग विहिरी खारट झाल्या असतील, व्यापाराच्या वाटा बदलल्या असतील. काही लोक गेले, काहींनी शेजाऱ्यांचा धर्म घेतला आणि ते इथेच मिसळून गेले. कुणी कुणाला मारलं नाही. एके दिवशी मिस्सेला पुरेशी माणसं उरली नाहीत, एवढंच.

आईने दगडी उंबऱ्यापाशी चपला काढल्या. मला हसू आलं, रागही आला. वर आकाश, खाली वाळू, आणि ही चपला काढते! ती आत गेली, डाव्या अंगाला, जिथे आमच्या गावच्या देवळात बायका बसतात तिथे, वाळूत बसली. पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "अहो, अंगण कुठेय?"

काका आणि पप्पांनी एकमेकांकडे बघितलं. अंगण होतं. दक्षिणेच्या भिंतीला लागून दगड उभे रोवलेले, रांगेने. डोझरने त्यातल्या एकाची कड उडवली होती आणि आत माणूस दिसत होता. उताणा, हात छातीवर, पाय पूर्वेकडे. "आपल्यातले नायत, बावतीसभाव," काका हळू आवाजात म्हणाले. "आपल्यात कुशीवर ठेवतात, किबल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून. ही तुमची माणसं." काही कबरी अगदी आखूड होत्या. आई त्यांच्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

पप्पांनी लपवलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय. शनिवारी ते काकांना घेऊन मुख्य कंपनीच्या इंजिनियरकडे गेले. मी शाळेत होते, म्हणून स्वतःच्याच इंग्रजीत बोलले. संध्याकाळी काकांनी आम्हाला तो प्रसंग करून दाखवला. पप्पा म्हणाले, चर्च, सर, ओल्ड चर्च. इंजिनियर आधी हसला. म्हणाला, "हबीबी, इथे चर्च? कुणी बांधलं, तुझ्या आजोबांनी?" मग नकाशावर बोट आपटून म्हणाला, जुन्या कोळ्यांची घरं असतील, पुढच्या आठवड्यात मला जमीन सपाट हवी, यल्ला, खलास. काका नक्कल चांगली करायचे. आम्ही कुणी हसलो नाही.

"वर कुणाला तरी सांगता येईल ना," पप्पा म्हणाले. "सरकारी माणसं असतील कुणी."

"सांगा," काका म्हणाले. "मग साइट बंद. मशिनं उभी. कंपनी म्हणेल हा बावतीस उपद्व्यापी आहे. उद्या व्हिसाचं काय? आपण इथे पाहुणे आहोत, भाव. पाहुण्याने यजमानाचं घर खणून काय काय सापडलं ते सांगू नये."

आई भाकरी भाजत होती. तिने तवा उतरवला. "ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "पण देवळाच्या अंगणातली माणसं डोझरखाली द्यायची नाहीत. आपण काढू. आपल्याकडे काढतात तशी."

आज मला कळतं की नेमकी इथेच चूक झाली, आणि ही चूक आमच्यासारखी माणसंच करू शकतात. दुसऱ्या कुणी एकतर डोझर फिरवला असता, नाहीतर हात न लावता वाट पाहिली असती. आम्हाला मात्र कबर उघडली की हाडं कापडात बांधायची, एवढंच ठाऊक होतं. हाडं जागेवर असणं, उताणी असणं, पाय कुठल्या दिशेला असणं, हीच त्या लोकांची एकमेव साक्ष होती. ती आम्ही भक्तीने मोडली.

आईने खालच्या सिंध्याकडून मांजरपाटाचं ठाण आणलं आणि आठवडाभर मशिनवर पिशव्या शिवल्या. शुक्रवारी आम्ही चौघं पुन्हा गेलो. भर दुपार, साइटवर चिटपाखरू नाही. पप्पा कबरीत उतरायचे, हाताने वाळू बाजूला करायचे आणि एकेक हाड वर द्यायचे. आई पदराने पुसायची आणि पिशवीत ठेवायची, आधी पायांची, सगळ्यांत वर डोकं. मी पिशवीचं तोंड धरायची. हाडं हलकी होती, पावाच्या कडेसारखी, काही हातातच भुगा व्हायची. काका काठावर ताडपत्रीची सावली धरून उभे होते. "मी हात नाय लावत, वहिनी," ते म्हणाले, "पण माझ्या पद्धतीने दुवा मागतो. चालंल ना?" आई म्हणाली, "मागा. त्यांना कुठे एवढ्या वर्षांत कुणी मागितलीय!" लहान मुलांची हाडं तिने वेगळी बांधली नाहीत. शेजारच्या कबरीतल्या मोठ्या माणसाच्या पिशवीत घातली. "कुणाची तरी आईच असेल," म्हणाली.

साइटच्या खुंट्यांच्या बाहेर, खारफुटीजवळ एक उंचवटा होता. तिथे खड्डा करून सगळ्या पिशव्या ठेवल्या, त्यांच्यावर तो क्रूसाचा तुकडा. आईने मराठीत प्रार्थना म्हटली. मग डबा उघडला आणि आम्ही तिथेच बसून जेवलो. इनास गेल्यापासून आई इतकी मोकळी मी बघितली नव्हती. "म्हणजे इथेही धर्मग्राम होता गं, देवळाभोवती नांदणारा," ती मला म्हणाली. "बायका होत्या, पोरं होती. माझा इनास काही पहिला नाही इथला." मी मान हलवली. माझ्या नखांत वाळू गेली होती आणि मला ती कधी एकदा काढते असं झालं होतं.

शनिवारी डोझर फिरला. उत्तरेची भिंत आणि चौथरा गेला. मग पातं मोडलं, त्याचा भाग यायला वेळ लागला, म्हणून दक्षिणेची भिंत तशीच राहिली; तिला लागून असलेल्या अंगणातले उभे दगड मात्र डोझरने आधीच लोटले होते आणि खड्डे वाळूने बुजले होते. त्या मधल्या दिवसांत कुणा कोळ्याने तिथली खापरं उचलून कुणाला तरी दाखवली आणि एक गोऱ्या बाई साइटवर आल्या. त्या या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्या शोधायच्या. सगळे त्यांना डॉक्टर रूथ म्हणत. पन्नाशीच्या, उन्हाने भाजलेल्या, डोक्याला पुरुषांसारखा रुमाल. त्यांनी निरोप पाठवला, कॉन्ट्रॅक्टरशी बोलायचंय. पप्पा मला घ्यायला शाळेच्या फाटकाशी आले. आईला मागे बसवून आणलं होतं. का, ते मला विचारावंसं वाटलं नाही.

डॉक्टर रूथ माझ्याशी फार छान बोलल्या. माझी इंग्रजी ऐकून म्हणाल्या, तू कुठे शिकलीस, किती सुंदर बोलतेस. भिंतीजवळ गुडघे टेकून त्यांनी गिलाव्यावरून हात फिरवला आणि मला समजावून सांगू लागल्या, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं. म्हणाल्या, ही इमारत काय होती ते नुसत्या भिंतीवरून ठरत नाही. माल ठेवायची वखारही असू शकते. पण इथे जर कबरी असतील, बायकामुलांच्या, तर मग गोष्टच वेगळी. मग हे एका गावाचं चर्च. मग मी आज संध्याकाळी काम थांबवून आणते, हवं तर त्यासाठी कुणाच्याही दारात बसेन. कुणाला काही त्रास होऊ देणार नाही, हे वडिलांना सांग. आणि मग त्या हसत म्हणाल्या, मजा म्हणून, मला त्यांच्या बाजूला घेऊन, की मी असं विचारते याचं कारण, लोक काय काय करतात तुला खरं वाटणार नाही. एका ठिकाणी गावकऱ्यांनी कवट्या पिठाच्या गोण्यांत भरून नेल्या होत्या. नुसत्या हाताने! कल्पना कर.

मी कल्पना केली. मागे पिकअपपाशी आई उभी होती, साडीवर स्वेटर, पायांत रबरी चपला. मला मांजरपाटाच्या पिशव्या दिसल्या. पदराने पुसलेली डोकी दिसली. त्यांच्या शेजारी बसून खाल्लेले बांगडे दिसले.

डॉक्टर रूथ पप्पांकडे वळल्या. मी त्यांचा प्रश्न मराठीत सांगितला, पूर्ण, त्रास होऊ देणार नाही त्यासकट. पप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "देऊळ होतं म्हणावं. मी डोळ्याने बघितलं. अंगणात माणसं होती, बाया होत्या, पोरं होती. आम्ही काढली, आमच्याकडे काढतात तशी, आणि तिकडे टेकाडावर ठेवलीत. चला, दाखवतो म्हणावं. पोलिसांत द्यायचं असेल तर मला द्या, इब्राहीमचा काही संबंध नाही. असं सांग, ब्रिजे. काही सोडू नकोस."

मी डॉक्टर रूथकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील म्हणतात, फक्त जुन्या भिंती होत्या. कबरी नव्हत्या. थोडी बकऱ्यांची हाडं सापडली होती."

भीतीने बोलले असते तर मी कधीच स्वतःला माफ केलं असतं. व्हिसाचा, पोलिसांचा विचार माझ्या मनात त्या क्षणी आलाही नव्हता. मला फक्त त्या बाईंच्या डोळ्यांत आमची माणसं गोणीवाली व्हायला नको होती.

पप्पांची इंग्रजी साइटपुरती होती हे मी आधी लिहिलं. 'बकरी' आणि 'हाडं' यांना इंग्रजीत काय म्हणतात ते साइटच्या स्वयंपाक्याकडून शिकलेला कुणीही सांगेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईही त्यांच्याकडे बघत होत्या, मला वाटतं त्यांना काहीतरी खटकलं होतं, कारण त्यांनी थेट पप्पांनाच हळू, सोप्या शब्दांत पुन्हा विचारलं, "नो ग्रेव्ह्ज? शुअर?" मी जमिनीकडे बघत होते. पप्पांनी नुसतं हाताने खारफुटीकडे दाखवलं तरी पुरलं असतं.

"यस, मॅडम," पप्पा म्हणाले. "डॉटर करेक्ट."

आणि टोपी डोक्यावर घातली.

डॉक्टर रूथ म्हणाल्या, मग वखारच असावी. भिंतीची मापं घेतली, खापरं गोळा केली, मला शुभेच्छा दिल्या आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात पात्याचा भाग आला. बंगल्यांचा दुसरा टप्पा निघाला तेव्हा खुंट्या पुढे सरकल्या, उंचवटाही गेला; ते काम दुसऱ्या कुणी केलं, त्याला वाळूत मांजरपाट दिसला असेल का, मला माहीत नाही. पप्पांनी त्याविषयी मला कधी एक शब्द विचारला नाही. रागावले नाहीत. फक्त त्या दिवसानंतर मला कुठल्याही ऑफिसात नेलं नाही. काका विचारायचे, "आज ब्रिजा नाय आली?" तर म्हणायचे, "तिचा अभ्यास असतो." आणि स्वतःच्या गो-स्टॉपमध्ये साहेबांशी बोलत राहिले, पुष्कळदा फसत राहिले. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. खरंच, तेव्हा तसंच वाटलं होतं.

पुढे मी अल ऐनच्या एका हॉस्पिटलात कामाला लागले, तिथेच लग्न झालं. पप्पा गेले त्यानंतरच्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली होती. एका शुक्रवारी मी तिला गाडीतून त्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तिने मागितलं नव्हतं, मलाच जायचं होतं. सगळीकडे बंगले, खजुरीची कुंडीतली झाडं, मुलांच्या सायकली. खारफुटी आक्रसून एका बाजूला गेलेली. देऊळ कुठे होतं ते आम्हा दोघींनाही सांगता येईना. आई म्हणाली त्या पाण्याच्या टाकीपाशी, मी म्हणाले वळणाच्या अलीकडे. मी गाडी थांबवली, एसी चालू ठेवला आणि समोर बघत तिला सांगितलं, त्या दिवशी पप्पांनी मला काय सांग म्हटलं होतं आणि मी काय सांगितलं. मराठीत सांगितलं. आईशी मी इतकं सलग मराठीत लहानपणानंतर पहिल्यांदाच बोलले असेन.

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"पप्पांनी सांगितलं?"

"त्याच रात्री."

"मग कुणी काही बोललं का नाही मला? रागवायचं तरी. त्या बाईंकडे पुन्हा जायचं. दुसऱ्या कुणाला घेऊन जायचं."

"मीही तेच म्हटलं. जाऊ या म्हटलं, इब्राहीमच्या पोराला घेऊन, त्यालाही इंग्रजी येतं. तर म्हणाले, मग पोरगी खोटी पडेल बाईंसमोर. नको." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "म्हणाले, ती घाबरली नाही, फिलू. तिला आपली लाज वाटली. एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले."

मी विचारलं, "आणि तू?"

"मी काय करणार?" आई म्हणाली. "मी तेव्हापासून तुझ्यासमोर हाताने भात कालवायचं सोडलं. तुझ्या लक्षातच आलं नाही."

लक्षात आलं होतं. आई चमच्याने जेवायला लागली, हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि फार बरं वाटलं होतं.